अकरा गावांची माती आणि एक मासा

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. टाकीच्या तळाशी गाळ बसावा तसे ते आपोआप बसत जातात. वरून पाणी नितळ दिसतं, पण कोणी जरा हात घातला की सगळं वर येतं. परवा आमच्याकडे नवीन लागलेल्या एका मुलीनं मला विचारलं, "मॅडम, ही माशाची टाकी कोणी केली?" झालं. घातला तिनं हात.

आधी माझ्याबद्दल. मी तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका मंडलाच्या, म्हणजे तुमच्याकडच्या तालुक्याच्या, महसूल ऑफिसात ज्युनियर असिस्टंट आहे. मंडल कोणतं ते सांगत नाही, कारण मला अजून तिथंच नोकरी करायची आहे. शिक्षण बीएस्सी, बॉटनी, झूऑलॉजी, केमिस्ट्री. स्वभाव दचका. म्हणजे मागून कोणी नुसतं "प्रज्ञा मॅडम" म्हटलं तरी माझ्या हातातलं पेन समोरच्या भिंतीला जाऊन लागतं. कुकरची शिट्टी, बसचा हॉर्न, स्वतःच्याच फोनची रिंग, सगळ्याला मी दचकते. एकदा तर मी स्वतःच मारलेल्या शिक्क्याच्या आवाजानं दचकले होते. पण ते मी कोणाला सांगत नाही.

आमचे अटेंडर, म्हणजे शिपाई, देवराव मामा. तीन वर्षांपूर्वी मी नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मागून येऊन माझ्या टेबलावर चहा ठेवला, आणि मी तो जमिनीच्या नोंदींच्या रजिस्टरवर सांडला. दुसऱ्या दिवसापासून मामा माझ्या टेबलाकडे वळायच्या आधी दारातच एकदा खोकायला लागले. बारीक, कोरडं, एकदाच. की मला कळायचं, मामा येत आहेत.

ते पाहून बाकीचेही खोकायला लागले. गिरदावर साहेब, म्हणजे आमचे रेव्हेन्यू इन्स्पेक्टर, दोनदा खोकतात. सर्व्हेअर श्रीनिवास गारू, म्हणजे तेलुगूतले श्रीनिवासराव, घसा खाकरतात. खुद्द तहसीलदार मॅडमही माझ्याकडे यायच्या आधी "अहं" करतात.

एका सोमवारी भीमपूरकडचा एक शेतकरी अर्ज घेऊन बाकावर बसला होता. जो तो माझ्या टेबलाशी येऊन खोकतोय हे तो सकाळपासून पाहत होता. दुपारपर्यंत त्यानं तोंडाला रुमाल बांधला. त्याचा नंबर आला तेव्हा तो तीन हात लांब उभा राहिला, हात ताणून अर्ज पुढे केला आणि म्हणाला, "मॅडम, हापिसात साथ चालू हाये काय? मंग सही पुढच्या सोमवारी घेतो."

०

आता नायब साहेब.

आमच्याकडे नायब तहसीलदाराची जागा बऱ्याच दिवसांपासून रिकामी आहे. टेबल आहे, खुर्ची आहे, साहेब नाहीत. ते टेबल माझ्या टेबलाला लागूनच. दोन वर्षांपूर्वी आधीचे तहसीलदार बदलून गेले, ते जाताना एक तीन फुटांची काचेची टाकी आणि तिच्यातला एक निळा फायटर मासा मागे सोडून गेले. टाकीत आठवडाभरातच फायली भरल्या गेल्या, कारण आमच्याकडे रिकामी जागा दिसली की फायली आपोआप तिकडे जातात. माशाला देवराव मामांनी लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत ठेवलं आणि बरणी नायबाच्या रिकाम्या टेबलावर. ऊन लागू नये म्हणून बरणीला भोवती दप्तराचं लाल कापड गुंडाळलं. वरून डोकावलं तरच मासा दिसायचा.

कोणी आलं आणि विचारलं, नायब साहेब कुठं भेटतील, की मामा गंभीर चेहऱ्यानं बरणीकडे बोट दाखवायचे. माशाला तेच नाव पडलं.

मामांचा रोजचा नेम ठरलेला. सकाळी दारात खोकायचं, माझ्या टेबलावर चहा ठेवायचा, मग शेजारी वळून नायब साहेबांना दोन दाणे टाकायचे. दोन वर्षांत त्यांनी एक दिवस चुकवला नाही. सुट्टीच्या दिवशीही ते तेवढ्यासाठी येत.

नवीन तहसीलदार मॅडम तेलुगू आहेत, कडक आहेत, आणि फायली काचेतून दिसलेल्या त्यांना आवडल्या नाहीत. टाकी रिकामी करा आणि तिच्यात खऱ्या झाडांचं अक्वेरियम करा, असा हुकूम निघाला. "बॉटनी एवरु?" त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं. बॉटनी कोण शिकलंय? मी दचकून हात वर केला. म्हणजे मी हात वर केला नव्हता, दचकल्यानं तो वर गेला. पण मिनिट्समध्ये तसं लिहिता येत नाही.

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, त्यांच्या रिटायरमेंटला तीन महिने राहिलेत. मग जरा थांबून, "पोरी, मी जायच्या आदी साहेबाले क्वार्टरात गेलेलं पाह्यलं का बस."

रात्रंदिवस मला घाबरायला एवढं पुरेसं होतं.

०

टाकीत झाडं लावायची तर तळाशी काय घालायचं हा पहिला प्रश्न. त्याला सबस्ट्रेट म्हणतात. मी मोबाईलवर व्हिडिओ पाहायला बसले आणि तीन आठवडे उठलेच नाही.

नुसती वाळू घातली तर मुळांना खायला मिळत नाही. नुसती माती घातली तर पाणी गढूळ होतं, आणि माती कच्ची असेल तर ती पाण्यात जे सोडते त्यानं मासा मरतो. चुनखडीचे खडे घातले तर पाणी जड होतं. बाहेरदेशाहून येणारे मातीचे भाजके गोळे सगळ्यात चांगले, असं एक जण सांगायचा. दुसरा सांगायचा, त्यानंच आमचे मासे गेले. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी कोणाचा तरी मासा मेलेला असायचा. माझ्याकडे तर मासा एकच होता, आणि तो मामांचा.

वही भरली. मग एके दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना समजावून सांगितलं. मुळांचा थर, वरचा थर, कणांचा आकार, जिवाणू, आम्लता. फळ्यावर चित्रं काढली. पाऊण तास बोलले. सगळे इतकं शांतपणे ऐकत होते की मला स्वतःबद्दल आदर वाटायला लागला.

शेवटी गिरदावर साहेबांनी डबा बंद केला आणि म्हणाले, "म्हंजे माती."

मी म्हटलं, "हो. माती."

"मंग तसं सांगा ना. आमी काय, जल्मभर तेच करून राह्यलो."

०

महसूल ऑफिसात मातीचा विषय काढू नये, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्या कागदांवर जमिनीच्या दोन जाती असतात. रेगडी म्हणजे काळी, कापसाची. चलका म्हणजे तांबडी, वाळूसर. गिरदावर साहेबांचं शेत तामसीकडे, रेगडीचं. ते म्हणाले, रेगडीशिवाय झाड म्हणजे बिनहाडाचा माणूस. श्रीनिवास गारूंचं गाव चलक्याचं. ते म्हणाले, रेगडी पाण्यात फुगते, उन्हात फाटते, तिच्यावर सर्व्हेचा दगडसुद्धा सरळ उभा राहत नाही. दोघांनी दोन दिवस एकमेकांच्या फायली अडवल्या.

मला कोणाला दुखवता येत नाही. मी म्हटलं, ज्यानं त्यानं आपल्या गावची थोडी माती आणा, आपण तपासू. आठवड्यात अकरा गावांच्या अकरा पुड्या झाल्या. मी भित्री असल्यामुळे टापटिपीची आहे. प्रत्येक पुडीवर मी गावाचं नाव, शेताचा सर्व्हे नंबर आणि जमिनीची जात लिहिली, तारखेचा शिक्का मारला आणि खिडकीत ओळीनं मांडल्या.

जमिनीच्या पासबुकासाठी आलेल्या एका माणसानं ती ओळ पाहिली, फोटो काढला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी चाळीस-पन्नास माणसं. सरकारनं अकरा गावांतून मातीचे नमुने नेले, आता धरण होणार की विमानतळ, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मामा फाटक धरून उभे. मॅडमनी मला बाहेर पाठवलं: तुम्हीच सांगा. मी पायरीवर उभी राहून नायब साहेबांची बरणी दाखवली आणि सगळं सांगितलं.

मग पुढच्या एका म्हाताऱ्यानं बरणीत डोकावून पाहिलं.

"एका माशासाठी अकरा गावची जमीन?"

माणसं हसत परत गेली. मी सुटले असं मला वाटलं. पण दोन दिवसांनी बाराव्या गावचा सरपंच पिशवी घेऊन आला. त्याची तक्रार लेखी होती. आमच्याच गावची माती काऊन नाई घेतली?

०

मातीवर खडे लागणार होते. गिरदावर साहेबांनी पैनगंगेतून पांढरे, गुळगुळीत, अंड्यासारखे दगड आणले. स्वतः निवडून, धुऊन, टॉवेलात बांधून. दगड इतके सुंदर होते की मला लगेच त्यांच्यावर संशय आला.

चुनखडी ओळखायची तर दगडावर व्हिनेगर टाकायचं. बुडबुडे आले तर चुना. आमच्या मंडलात व्हिनेगर फक्त नूडल्सच्या गाड्यावर मिळतं. आणलं. टाकलं. काही झालं नाही, नुसता नूडल्सचा वास आला. श्रीनिवास गारूंना साहेबांच्या दगडांत खोट निघावी अशी फार इच्छा. त्यांनी बाथरूम धुवायच्या अॅसिडची बाटली आणली आणि मला न सांगता, न खोकता, मागून दगडावर धार धरली.

दगड फुसफुसला. मी किंचाळले.

त्या वेळी आतल्या खोलीत मॅडम एका माणसाच्या दाखल्यावर सही करत होत्या. त्यांचं पेन कागदाच्या या कोपऱ्यातून निघालं ते त्या कोपऱ्याला जाऊन थांबलं. त्यांनी दाखला फाडायला घेतला, दुसरा करून देते म्हणाल्या. तर त्या माणसानं कागद हातातून काढून घेतला.

"राहू द्या मॅडम. माह्या भावाच्या दाखल्यावर तं एवढीशीच हाये."

पुढचे तीन दिवस खिडकीवर लोक हळूच विचारायचे, मोठ्या सहीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो का.

साहेबांचे दगड बाद झाले. त्यांनी ते घरी नेले नाहीत. फायलींवर वजन म्हणून ठेवले, आणि अजूनही मी जवळून गेले की ते त्या दगडांकडे पाहून उसासा टाकतात.

०

कच्च्या मातीतले किडे आणि बिया मरायला ती आधी भाजून घ्यावी, असं एका व्हिडिओत होतं. मी अकराही पुड्या घरी नेल्या. आईची पिठाची चाळणी घेतली, भाकरीचा तवा घेतला, आणि पहिली पुडी चलक्याची, ती चाळून मंद आचेवर खमंग भाजली. गार झाल्यावर स्टीलच्या डब्यात भरून ओट्यावर ठेवली.

नेमकं त्या रविवारी मला पाहायला पाहुणे यायचे होते. हे मी विसरले नव्हते, फक्त मातीची तारीख आणि पाहुण्यांची तारीख मी वेगवेगळ्या वहीत लिहिली होती.

पाहुणे आले. जय भीम झालं, पाणी झालं. मुलगा भला वाटला. त्याचा मामा मात्र मोकळा माणूस. जेवताना त्याला काही वाढावं लागत नाही, तो स्वतःच उठून घेतो. तो ओट्याशी गेला, डबा उघडला, वास घेतला, म्हणाला, "वा, जवसाची चटणी," आणि चांगली दोन चमचे भाकरीवर घेतली.

मी दारात उभी होते. ओरडायला तोंड उघडलं, आवाज आला नाही. जिथं नको तिथं किंचाळते, आणि जिथं हवं तिथं अशी.

त्यानं घास तोंडात घातला. चावला. आमच्या घरातले सगळे त्याच्याकडे पाहत होते. पाहुणा म्हणून आलेला माणूस, थुंकणार कुठं? त्यानं घास शांतपणे गिळला.

"चांगली हाये," तो म्हणाला. "मीठ कमी हाये थोडं."

कळवतो म्हणून गेले आहेत. अजून कळवलेलं नाही.

त्या दिवशी आईनं तवाही काढून घेतला आणि चाळणीही. ती एवढंच म्हणाली की या मातीची जेवढी चौकशी तू केली तेवढी त्या पोराची केली असती तर मी आज मोकळी झाले असते.

०

म्हणून बाकीची माती न भाजता, न चाळता टाकीत गेली.

कोणती घालायची हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मी अकराही एकत्र केल्या. कोणाचं मन मोडायला नको. कोणत्याही व्हिडिओत हे सांगितलेलं नाही, आणि ते का, हे मला नंतर कळलं.

पाणी लगेच भरायचं नाही, असं मी ठरवलं होतं. आधी माती नुसती ओली ठेवायची, छोटी झाडं लावायची, वर प्लास्टिक झाकायचं, मुळं धरली की मग पाणी. आदिलाबादहून गवतासारखी बारीक झाडं आणून मी चिमट्यानं लावली. पाचव्या दिवशी टाकीत जादू झाली. माझ्या गवताच्या मधून जाड देठाची, गोल दोन-दोन पानांची टवटवीत रोपं वर आली. पंचवीस-तीस तरी. मला रडू आलं. माझ्या हातून आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी उगवलं होतं.

त्याच दिवशी जिल्ह्याहून एक मोठे अधिकारी तपासणीला आले. टाकीपाशी थांबले, वाकून पाहिलं. मॅडमनी अभिमानानं मला पुढे केलं. त्यांनी विचारलं, झाडं बाहेरून मागवली का? मी घाबरून हो म्हटलं. जात कोणती? मी आणखी घाबरले, आणि एक लॅटिन नाव सांगून टाकलं. ते त्यांनी वहीत लिहून घेतलं.

आजूबाजूला आमचा सगळा स्टाफ उभा. एकजात कापूस-सोयाबीनवाल्या घरांतली माणसं. गिरदावर साहेब छताकडे पाहत होते. श्रीनिवास गारू बुटाची लेस बांधत होते, आणि त्यांच्या पायात चप्पल होती.

गाडी फाटकाबाहेर गेली. मग मामा टाकीपाशी आले, एक पान दोन बोटांत धरून पाहिलं.

"म्याडम, बियानं चांगलं हाये सोयाबीनचं. फवारनी कदी करायची?"

बॉटनी, फर्स्ट क्लास. तेवढ्या माणसांत ते न ओळखणारी मी एकटी.

०

सोयाबीन उपटलं. वर वाळूचा थर दिला आणि पाणी भरायला घेतलं. पाणी एकदम ओतायचं नाही, आत बशी ठेवून बशीवर हळूहळू सोडायचं, म्हणजे माती उचलत नाही. अर्धी बादली मी अगदी तशी सोडली. तेवढ्यात गेलेली लाईट आली, आणि टेबलावरचा पंखा एकदम फर्रकन सुरू झाला.

उरलेली बादली मी एकदम सोडली. आतली बशीही उलटली.

टाकीत चहा झाला. दुधाचा, घट्ट. दुसऱ्या दिवशी चहाच होता. आठव्या दिवशीही. पाणी काढून दुसरं भरलं, पुन्हा चहा. रेगडी एकदा पाण्यात उठली की बसत नाही, याची श्रीनिवास गारूंनी मला रोज सकाळी आठवण करून दिली. मॅडम येता-जाता विचारायच्या, "आज भी चाय?" अशा पाण्यात मासा सोडणं म्हणजे मारणंच होतं. आणि मामांचा शेवटचा महिना संपायला नऊ दिवस राहिले होते.

मी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन फायलींच्या मागे रडत बसले. थोड्या वेळानं बाहेर खोकल्याचा आवाज आला. बारीक, कोरडा, एकदाच. मामा आत आले. हातात नायब साहेबांची बरणी. जायच्या आधी लाल कापड धुऊन ठेवतो म्हणाले, आणि बरणी स्टुलावर ठेवून त्यांनी कापड सोडलं.

दोन वर्षांत मी पहिल्यांदा ती बरणी बाजूनं पाहिली.

तळाशी दोन बोटं काळाभोर थर. त्यावर बोटभर जाडी रेती. तिच्यातून वर आलेलं एक हिरवंगार झाड, मुळं काचेला टेकलेली. आणि पाणी असं की बरणी रिकामी आहे की काय असं वाटावं.

तीन महिने मी जे शोधत होते ते माझ्या कोपरापासून दीड हातावर, कापडात गुंडाळून ठेवलेलं होतं.

मी विचारलं, ही कुठली माती. मामा म्हणाले, गावच्या तळ्यातला गाळ. उन्हाळ्यात तळं आटलं की लोक तोच शेतात नेऊन टाकतात. तो आधी वाळवायचा, मग भिजवायचा, वरचं गढूळ पाणी फेकून द्यायचं, असं तीनदा. वर ओढ्याची रेती. मग काही उठत नाही.

"मामा, मग मला सांगितलं काऊन नाही?"

मामा थोडे ओशाळले. "तुमी पाऊन तास सबस्ट्रेट सांगितलं. मले वाटलं, ते काई येगळं असन."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. अकरा गावांच्या अकरा पुड्या होत्या, बारावीसाठी सरपंच भांडायला आला होता, आणि मामांच्या गावची पुडी नव्हती. ज्यानं त्यानं आपल्या शेतातली आणली होती. मामांच्या घरी शेत नाही. शेत नाही म्हणून सर्व्हे नंबर नाही, आणि सर्व्हे नंबर नाही म्हणून मला विचारायचंच सुचलं नव्हतं. पुड्यांवर एवढं सुंदर अक्षर काढणाऱ्या मला.

दुसऱ्या दिवशी मामा बसनं दोन पोती गाळ घेऊन आले. वाळवलेला. कंडक्टरनं विचारलं तेव्हा म्हणाले, सरकारी काम हाये.

०

शेवटचा दिवस.

अकरा गावांची माती काढून मामांच्या रीतीनं गाळ आणि रेती भरली होती, आणि टाकी तीन दिवसांपासून नितळ होती. झाडं उभी होती. मामांना शाल झाली, हार झाला, मॅडमनी दोन शब्द मराठीत बोलून दाखवले. फाटकाबाहेर त्यांच्या गावचे डफडेवाले आले होते, मामांना वाजतगाजत घरी न्यायला. जीपला फुलं बांधलेली.

साडेतीनला मामांनी बाही वर केली, बरणी दोन्ही हातांनी टाकीत उतरवली आणि अलगद आडवी ठेवली, तोंड पुढे करून. आता साहेबांनी फक्त बाहेर यायचं होतं.

साहेब आले नाहीत. बरणीतच, झाडाच्या मागे, काचेला पाठ लावून थांबले.

चार वाजले. मासा बिचकू नये, आणि मीही बिचकू नये, म्हणून मॅडमनी पंखे बंद केले. शिक्के मारायचे नाहीत. फोन बंद. बाहेर डफडेवाल्यांना निरोप गेला की आवाज नको. ते बिचारे डफडी मांडीवर घेऊन ओळीनं बसून राहिले. बाकावरची अर्ज घेऊन आलेली माणसंही उठून टाकीभोवती उभी राहिली. दाणे टाकून पाहिले. दाणे तरंगले, मासा हलला नाही. गिरदावर साहेब माझ्या कानाशी, आधी दोनदा अगदी हळू खोकून, कुजबुजले, "चार्ज घ्यायले तयार नाई." श्रीनिवास गारू म्हणाले, बरणी उलटी करा. मामा नको म्हणाले. धक्का नाही द्यायचा.

पाच वाजले. मी मनातल्या मनात पाण्याची आम्लता, गाळाचा थर, रेतीचे कण, सगळं पुन्हा तपासत होते. चूक माझीच असणार होती, फक्त कोणती ते कळत नव्हतं.

मामांनी हात पुसले. बाहेर माणसं खोळंबली आहेत म्हणाले. "राहू द्या. येईन उद्या-परवा भायेर. तुमी पाहून घ्या अन मले सांगा." बाही खाली केली, शाल खांद्यावर घेतली आणि दाराकडे निघाले. कोणी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

दारात ते थांबले. एवढी वर्षं जिथं थांबायचे तिथंच. मला भेटायचं राहिलं होतं. ते माझ्या टेबलाकडे वळले, आणि वळायच्या आधी, सवयीनं, खोकले.

बारीक, कोरडं, एकदाच.

बरणीतून निळा मासा बाहेर आला. थेट पुढच्या काचेपर्यंत आला आणि दाराकडे तोंड करून थांबला.

बाहेर डफडं वाजलं नाही. आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच, मामांच्या खोकल्यानं मी दचकले.